आबांची बिनचमकीची गाडी

५ जानेवारी, रविवार

यूट्यूबवरच्या त्या पोराचं म्हणणं असं, की घरी गाडी रंगवायची तर आधी एक वही करा. रोजचं तापमान, हवेतला ओलावा, रंगाचा कितवा हात, वाळायला दिलेला वेळ, सगळं टिपा. म्हणून ही वही. तर आज तापमान उत्तम, ओलावा मोजायचं यंत्र घरात नाही, आणि बायको तापलेली.

ती तापली आबांवरून. आबा म्हणजे माझे वडील, केरबा चौगले, वय त्र्याहत्तर. एका साखर कारखान्याच्या चेअरमनची गाडी त्यांनी पस्तीस वर्षं चालवली. चेअरमन तीन झाले, ड्रायव्हर एकच. आबांनी पुसलेल्या बॉनेटात बघून एका चेअरमननं भाषणाआधी भांग पाडला होता, असं अख्ख्या फुलेवाडीत सांगतात. सांगतात म्हणजे आबाच सांगतात. रिटायर झाल्यावर त्यांनी स्वतःची छोटी गाडी घेतली, तिला आता पंधरा वर्षं झाली. रोज पहाटे गाडी काढून गंगावेशीत कट्ट्यावर जायचं, म्हशीचं धारोष्ण दूध प्यायचं, परत येऊन अवंतिकाला शाळेत सोडायचं. अवंतिका आमची मुलगी, तिसरीत आहे.

स्नेहल म्हणाली, ‘धैर्यशील, आबांनी आता गाडी बंद करावी. निदान पोरीला घेऊन तरी जाऊ नये.’

‘का? काय केलंय त्यांनी?’

‘काही नाही केलं. वय झालंय.’

‘गाडीभर शोध. एक ओरखडा दाखव.’

माझी बायको हायस्कुलात विज्ञान शिकवते. अशा माणसाला ‘शोध’ म्हणू नये. ती खरंच टॉर्च घेऊन गेली, गाडीभोवती फिरली, वाकून वाकून बघितलं. गाडी आरशासारखी. एक रेघ सापडली नाही. पूर्वी आबा रविवारी पॉलिश करायचे, पावसाळ्यापासून रोज करतात.

‘ठीक आहे,’ ती म्हणाली. ‘ज्या दिवशी ओरखडा दिसेल, त्या दिवशी किल्ली खुंटीला.’

‘मंजूर,’ मी आबांच्या वतीनं म्हटलं. आबा सोप्यात पेपर वाचत बसले होते. त्यांनी आमच्याकडं बघितलं नाही, आणि पानही उलटलं नाही.

आता रंगाचं. शिरोली एमआयडीसीत मी क्वालिटी इन्स्पेक्टर आहे. मशीनवरून उतरलेल्या मालावर नखाला लागेल एवढी रेघ दिसली तरी मी तो बाजूला काढतो. कामगार मला तोंडावर साहेब म्हणतात आणि माघारी नखुर्डं. तर आमच्या कंपनीच्या मोठ्या साहेबांनी नवी गाडी आणली आहे, सॅटिन ग्रे. मॅट म्हणजे एकदम कोरडं. सॅटिन म्हणजे तूप खाऊन ओठ पुसल्यावर राहतं तेवढं. चमक नाही पण रुबाब आहे. बघितल्यापासून मला झोप नाही. आबांची गाडी आधीच ग्रे आहे, म्हणजे आरटीओत रंग बदलल्याची पायपीटही नाही.

आबांना सांगितलं.

‘चमकनार न्हाय?’

‘नाही.’

‘मग रंग द्यायचा कशाला? आनि वरनं पालीस मारलं तर?’

‘अजिबात चालत नाही. जिथं पॉलिश लागेल तेवढंच चकाकतं. चारचौघांत डाग दिसतो.’

आबांनी डाव्या दारावरनं हात फिरवला. ‘मग नगंच. हाय ती बरी हाय.’

जुन्या माणसांना नवं काही पचत नाही. शेवटी गाडी जुनी झाली म्हणून स्नेहल टोमणे मारते, असं सांगून मी त्यांना गप्प केलं.

८ जानेवारी, बुधवार

दोन दिवस कामावरून आल्यावर पाणपेपरनं गाडीचा जुना रंग घासतोय. बोटांचे ठसे गेले, आता मी कुणाचाही खून करू शकतो.

उजवी बाजू घासताना जीव मेटाकुटीला आला. डावीकडचा रंग मात्र पापडासारखा पातळ. चार हात मारले की खालचं अस्तर दिसतं. मी विचार केला. गाडी शेडमध्ये उभी असते तेव्हा डाव्या अंगावर दुपारचं ऊन येतं. उन्हानं रंग खाल्ला. स्नेहलला हा शोध सांगितला.

‘ऊन रंग विटवतं,’ ती म्हणाली. ‘घासून पातळ करत नाही.’

घरात मास्तरीण असू नये. गाडी बंद असल्यानं अवंतिका रिक्षानं जाते आणि आबा पिंजऱ्यातल्या वाघासारखे सोप्यात येरझाऱ्या घालतात. आज दोनदा चौकटीला खांदा धडकला. मी म्हटलं, जरा बघून चाला की. तर म्हणाले, चौकट अरुंद केलीया गवंड्यानं. घर बांधून तीस वर्षं झाली.

११ जानेवारी, शनिवार

शेडला तिन्ही बाजूंनी प्लास्टिकचा कागद लावला, जमिनीवर पाणी मारलं म्हणजे धूळ उडणार नाही. काचा, दिवे, टायर, सगळीकडं टेप आणि जुने पेपर चिकटवले. गाडी बँडेज बांधलेल्या पेशंटसारखी दिसत होती. कंप्रेसर कंपनीतल्या एकाकडून मागून आणला. अस्तराचे दोन हात मारले.

मदतीला शेजारचा बंडू सुतार होता. बंडूचा मांडवाचा धंदा आहे. माझ्यापेक्षा वर्षानं मोठा, चड्डीत असल्यापासून आमच्याच अंगणात. मदत म्हणजे तो खुर्ची टाकून बसला होता आणि मला शिकवत होता. उंटावरचा शहाणा. पण देवानं लगेच शिक्षा केली. प्लास्टिकच्या फटीतून अस्तराचा फवारा बाहेर गेला, आणि बंडूच्या गच्चीवर लग्नातल्या खुर्च्यांची पांढरी कव्हरं वाळत होती.

‘भावा,’ बंडू एक कव्हर उजेडात धरून म्हणाला, ‘नवरीकडची मान्सं इचारली तर काय सांगू? खुर्च्यांस्नी देवी आल्यात म्हनून?’

१२ जानेवारी, रविवार

आज मुख्य रंग आणि त्यावर सॅटिन क्लिअरचा पारदर्शक हात. मास्क लावून, हार्डनर मोजून, श्वास रोखून. हा शेवटचा हात एका दमात मारावा लागतो. गन एका अंतरावर, हात एका चालीनं. कुठं जास्त पडलं तर चमकतं, कमी पडलं तर खरबरीत होतं, आणि नंतर तेवढ्यापुरतं दुरुस्त करता येत नाही. अख्खं दार पुन्हा घ्यावं लागतं. चुकलं की दिसणार, म्हणजे दिसणारच. म्हणून तर मला हा रंग आवडतो.

छपरावर एक डास बसला. तो आता कायमचा आमच्या घरातला.

संध्याकाळी टेप काढला आणि मी खरोखर शिट्टी मारली. एमआयडीसीत चौदा वर्षं दुसऱ्यांच्या चुका काढल्या. आज स्वतःच्या हातचं काहीतरी पास केलं.

१४ जानेवारी, मंगळवार

संक्रांत. आबांनी चष्मा पुसून गाडी बघितली. उजवीकडून बघितली, मग पुढून. डावीकडं गेलेच नाहीत.

‘म्हस हाय ही,’ म्हणाले. ‘पान्यातनं काढून वाळवल्याली म्हस.’

स्नेहलकडं हळदीकुंकवाला आलेल्या बायका गाडीला वळसा घालून येत होत्या. त्यातल्या दोघींनी मला विचारलं, ‘अस्तर छान बसलंय हो. रंग कधी देणार?’ तिळगूळ घेऊन गोड बोलायचा दिवस म्हणून मी गप्प बसलो.

दुपारी जेवताना आबा म्हणाले, ‘आज लिंबू न्हाय व्हय?’ लिंबू ताटात डावीकडं होतं. चटणीही तशीच पडलेली. मी काही बोलायच्या आत अवंतिकानं त्यांचं ताट अर्धं फिरवलं. ‘हे घ्या आबा.’ आबांनी लिंबू पिळलं. ताटं फिरवायची ही सवय पोरीला कुणी लावली कोण जाणे. वाढलेलं ताट फिरवू नये म्हणून मी तिला दटावलं.

१६ जानेवारी, गुरुवार

आजपासून आबांची ड्युटी परत सुरू. शाळेतून आल्यावर अवंतिकाला विचारलं, ‘काय, नव्या रंगाची गाडी बघून मैत्रिणी काय म्हणाल्या?’

‘काही नाही म्हणाल्या. पण पप्पा, आज आमचा खेळ परत झाला.’

‘कसला खेळ?’

‘गाडीत मी डावीकडचं सांगायचं आणि आबांनी उजवीकडचं. रिक्षा आली, म्हातारी आली, कुत्रं आलं. मी एकपण चुकले नाही.’

आजोबा-नातीचं असं पाहिजे. आमच्या वाट्याला आबांकडून नुसते गुद्दे आले. स्नेहलला हे कौतुकानं सांगितलं, तर तिनं तव्यावरची पोळी तशीच करपू दिली आणि मला विचारलं, ‘हा खेळ कधीपासून खेळतात?’ मला काय माहीत.

१८ जानेवारी, शनिवार

घात झाला.

डाव्या मागच्या दारावर वीतभर ओरखडा. सॅटिनवर पांढरी रेघ. मी दाराजवळ मटकन खालीच बसलो. स्नेहल मागं येऊन उभी राहिली. ‘ओरखडा,’ ती म्हणाली. आवाजात विजय वगैरे काही नव्हता, पण मला तो ऐकू आला.

‘आबांचा नाही हा. कुणीतरी लावलाय,’ मी म्हटलं. ‘दुसऱ्याचा ओरखडा धरायचा नाही.’

आणि मी टेप काढून मोजलं. ओरखड्याची उंची आणि बंडूच्या टेंपोतून बाहेर आलेल्या बांबूंची उंची, फरक दोन बोटांचा. त्याचा टेंपो आमच्या फाटकाच्या डावीकडंच उभा असतो. दुसरा पुरावा कशाला पाहिजे? तसाच बाहेर गेलो आणि गल्लीत आवाज चढवला.

बंडूही काही संत नव्हे. ‘माझा टेंपो कालपास्नं हाललेला न्हाय! बांबू काय रातचं उठून फिराय जात्यात व्हय रं?’ तो अजून बरंच बोलणार होता. तेवढ्यात आबा फाटकात येऊन उभे राहिले. बंडूनं त्यांच्याकडं बघितलं. त्याच्या तोंडाचा पट्टा एकदम बंद पडला.

‘असंल,’ तो खाली बघत म्हणाला. ‘माज्याच बांबूचं लागलं असंल. चुकलं.’

खऱ्यापुढं माणूस नमतोच. आबा मात्र घरात गेले. जाताना फाटकाला खांदा लागला.

१९ जानेवारी, रविवार

पुन्हा सगळं. डावीकडची दोन्ही दारं घासली, अस्तर, रंग, क्लिअर. बंडू आला नाही. त्याचं तोंड नसेल येण्यासारखं.

एक गंमत. फाटकाच्या लोखंडी कडीला आपलाच ग्रे रंग लागलाय. प्लास्टिक लावूनही फवारा किती लांब जातो बघा. यूट्यूबवाल्याला कळवलं पाहिजे.

२२ जानेवारी, बुधवार

आता मात्र माझं डोकं फिरलंय. डाव्या दारावर तीन ठिकाणी चकाकणारे डाग. तळहाताएवढे. वास घेतला. रबिंग कंपाउंड! आबांनी मुद्दाम पॉलिश मारलंय. नवा रंग आवडला नाही तर तोंडानं सांगावं, असा डाव काय खेळायचा?

‘आबा, तुम्ही दाराला पॉलिश मारलं?’

‘पुसलं जरा. पाखरानं घान केलती.’

‘तीन ठिकाणी?’

‘तीन पाखरं हुती.’

मी कंपाउंडचा डबा उचलून धान्याच्या कोठीमागं लपवला. आबांनी बघितलं आणि पाठ फिरवली. स्नेहल दार न्याहाळत होती. ‘फक्त डावीकडंच का रे?’ तिनं विचारलं. मी म्हटलं, नळ त्या बाजूला आहे. ‘आबांना एकदा डोळ्यांच्या डॉक्टरकडं नेऊ या का?’ मी म्हटलं, तुला ती पैज काहीही करून जिंकायची आहे. ती तडक स्वयंपाकघरात गेली आणि भांडी आपटायला लागली.

२६ जानेवारी, रविवार

सकाळी कंपनीत झेंडावंदनाला होतो. अवंतिकाच्या शाळेतही झेंडावंदन. आबा तिला घेऊन गेले होते. येताना जिलेबी आणायची, ती तर सव्वीस जानेवारीला अख्खं कोल्हापूरच आणतं. कोपऱ्याकोपऱ्यावर मांडव, कढया, रांगा.

मी परत आलो तेव्हा फाटकात बंडूचा टेंपो. पुढं अवंतिका बसलेली, कपड्यांवर पाक सांडलेला, आणि आबा बंडूचा हात धरून उतरत होते. मागं बंडूचा गडी आमची गाडी घेऊन आला होता.

रंकाळ्याकडच्या वळणावर जिलेबीचा मांडव होता. बंडूनंच घातलेला. आबांची गाडी डाव्या बाजूनं त्या मांडवाच्या बांबूत शिरली. बांबू कढईच्या टेबलावर पडला, तेल रस्त्यावर सांडलं. रांग दुसऱ्या बाजूला होती म्हणून. नाहीतर पुढं काय ते मला लिहवत नाही. अवंतिका डावीकडच्याच सीटवर होती. तिच्याजवळचा आरसा मोडून लोंबत होता.

ती मला बिलगून रडायला लागली. ‘पप्पा, आबांना ओरडू नका. माझं चुकलं.’

‘तुझं काय चुकलं, बाळा?’

‘मी जिलेबी खात होते. मी डावीकडचं सांगायचं विसरले.’

मी फाटक धरलं, तर हात त्या कडीवर पडला. ग्रे रंगाच्या कडीवर. चौदा वर्षं मी लोकांच्या मालावर केसाएवढी रेघ शोधतोय. आणि माझ्या घरात, माझ्या ताटासमोर, माझी आठ वर्षांची पोर आजोबांचा डावा डोळा होऊन बसली होती, आणि मी तिला ताट फिरवू नको म्हणून दटावत होतो. मी गाढव आहे. गाढवालाही दोन्हीकडचं दिसतं.

स्नेहलनं पोरीला आत नेलं. ती पैज जिंकली होती. तिनं तसं एका शब्दानं म्हटलं नाही, आणि त्याचंच मला जास्त लागलं.

२७ जानेवारी, सोमवार

रजा टाकली. सकाळी शेडमध्ये गेलो तर आबा तिथंच. कोठीमागचा डबा त्यांनी ओढून काढला होता. चेपलेल्या दाराला कंपाउंड लावून फडक्यानं घासत होते. दार आत गेलेलं, पत्रा उघडा पडलेला, आणि ते आपले गोल गोल घासतायत.

‘आबा, कधीपासनं?’

‘काय कवापास्नं?’

‘डावीकडचं दिसत नाही ते.’

हात थांबला नाही. ‘श्रावनात. दाढी कराय बसलो तर आरशात अर्धाच गडी. वाटलं, आरसा फुटला.’

‘मग सांगितलं का नाही?’

‘सांगितलं असतं तर किल्ली घेतली असतीस.’

‘अवंतिका होती गाडीत, आबा!’ मी ओरडलो. आयुष्यात पहिल्यांदा आबांवर ओरडलो. ‘कढई तिच्या अंगावर आली असती!’

‘ती हुती म्हनून तर चालवत हुतो,’ आबा म्हणाले. ‘पाटचं रस्ता मोकळा असतोया, पन गर्दीत एकट्यानं कुटं चालवायची? ती सांगायची समदं. पोरगी हुशार हाय.’ मग फडकं खाली टाकलं आणि उकिडवे बसले. ‘रातभर तीच कढई दिसतीया मला. तेवढी बराबर दिसतीया.’

ते रडत होते. आई गेली तेव्हाही मी त्यांना रडताना बघितलं नव्हतं. मी त्यांच्या शेजारी बसलो. डोळे पुसून त्यांनी खिशातून किल्ली काढली आणि माझ्या हातात न देता मधे फरशीवर ठेवली.

‘किल्लीचं काय न्हाय,’ म्हणाले. ‘कट्ट्यावर काय सांगू? केरबा डायवर आंधळा झाला म्हनून?’



दुपारी बंडूकडं गेलो. तो मोडलेले बांबू मोजत होता. ‘तुला माहीत होतं,’ मी म्हटलं.

‘माज्या टेंपोला दोन डाव घासून गेलते आबा.’

‘मग त्या दिवशी बोलला का नाहीस? मी अख्ख्या गल्लीत तुझी शोभा केली.’

‘आबा हुबं हुतं की तितं,’ बंडू म्हणाला. ‘सायकल शिकवल्याली त्यांनी मला. त्यांच्या तोंडावर कसं सांगायचं, तुमाला दिसंना म्हनून?’

मी त्याची माफी मागितली. त्यानं मला शिवी दिली आणि बांबूचं दुसरं टोक उचलायला लावलं.

२९ जानेवारी, बुधवार

डॉक्टर. डोळे ठणठणीत आहेत म्हणे. डोक्यात मागच्या बाजूला एक छोटा झटका येऊन गेला आहे, पावसाळ्यातच असणार. दोन्ही डोळ्यांची डावी बाजू त्यात गेली. गेलेलं परत येईलच असं नाही. गोळ्या दिल्या, आणि गाडी कायमची बंद.

आबांनी शांतपणे ऐकून घेतलं. बाहेर आल्यावर एवढंच म्हणाले, ‘कट्ट्यावर जायाचं बंद करतो आता. घरीच दूध पितो पिशवीतलं.’

पिशवीतलं दूध! ज्या माणसानं आयुष्यभर पिशवीच्या दुधाला चुन्याचं पाणी म्हटलं, त्याच्या तोंडून हे ऐकवेना.

१ फेब्रुवारी, शनिवार

तीन दिवस आबा सोप्यातून हलले नाहीत. अवंतिका डाव्या बाजूला बसून त्यांना पेपर वाचून दाखवते. गाडीचं आत गेलेलं दार मी ठोकून थोडंफार वर आणलं. पोच्यांत लांबीची पुट्टी भरली, नवा रंग आणला आहे. उद्या फवारणार. निदान गाडी तरी नीट दिसू दे.

२ फेब्रुवारी, रविवार

पहाटे मीच आबांना उठवलं. म्हटलं, चला, दूध प्यायला, मी नेतो. नको नको म्हणत फेटा बांधला. माझ्या हातात किल्ली बघून ते डावीकडं जाऊन बसले. चेपलेलं दार, लांबीचे पांढरे ठिपके, मधे मधे त्यांच्याच हातचे चकाकणारे डाग. अख्ख्या गंगावेशीनं मान वळवून बघितलं.

कट्ट्यावर म्हशी उभ्या, धारा चाललेल्या, नेहमीची म्हातारी मंडळी ग्लास धरून बसलेली. त्यातला गुंडू आप्पा, आबांचा जुना सोबती, ओरडला, ‘केरबा! हुतास कुटं? आनि आज पोरगा चालवतुया? तुजी किल्ली कुटं गेली?’

आबा थबकले. मी त्यांच्या डाव्या अंगाला होतो. मी काहीतरी सांगणार होतो, डॉक्टर, गोळ्या, असलं काहीतरी. तेवढ्यात आबांनी छाती पुढं काढली.

‘ही गाडी बगितलीस?’ ते गरजले. ‘बग की हिच्याकडं! ह्या बेन्यानं वाटोळं केलं माज्या गाडीचं! पस्तीस वरसं चेअरमनला आरशागत गाडी दिली मी, आनि ह्येनं कसला रंग दिला तर म्हशीचं कातडं! चमकत न्हाय, काय न्हाय. असल्या गाडीत केरबा बसंल व्हय? किल्ली फेकली ह्येच्या तोंडावर. म्हटलं, तूच चालव!’

कट्टा हसून लोटपोट. एकजण ग्लास घेऊन गाडीभोवती फिरला आणि म्हणाला, ‘आरं, हिला रंग दिलाय का खरूज झालीया?’ दुसरा म्हणाला, ‘शिकल्याल्या पोरांच्या हातात कामं देऊ नयेत.’

मला क्षणभर राग आला. मन लावून केलेलं काम होतं ते. डाग माझे नव्हते, त्यांचे होते. मी तोंड उघडलं, आणि आबांकडं बघितलं. आठवड्यात पहिल्यांदा ते ताठ उभे होते.

‘व्हय,’ मी म्हटलं. ‘माझंच चुकलं. फुकटचं डोकं चालवलं.’

‘मग परत रंगवनार न्हवं आता?’ गुंडू आप्पानं विचारलं. ‘माज्या वळकीचा पेंटर हाय. दोन दिवसांत चकाचक करून देतो. मग केरबा परत चालवील की.’

आबांचा ग्लास ओठाजवळ थांबला.

‘न्हाय,’ मी म्हटलं. ‘हात लावनार न्हाय तिला आता. अशीच ठेवनार.’

‘आयला, पोरगं येडं हाय तुजं, केरबा.’

‘हायच,’ आबा म्हणाले आणि एका दमात दूध संपवलं. मग माझा ग्लास त्यांनीच भरून घेतला, वर फेस येईतो.

घरी येताना रंकाळ्याच्या कडेनं गाडी हळू घेतली. मग आबा समोर बघतच म्हणाले, ‘लई बोललो व्हय रं?’

‘न्हाय आबा,’ मी म्हटलं. ‘पण उद्याला ठेवा थोडं.’

आणलेला नवा रंग बंडूला देऊन टाकला. त्याला फाटक रंगवायचं आहे.